पंचवीस डिसेंबर आणि आमच्या गल्लीतली चांदणी



पंचवीस डिसेंबर आला की आपण माईक हातात घेतो आणि महाड सांगतो. १९२७ ची ती रात्र सांगतो, जळणारी मनुस्मृती सांगतो. सांगायलाच पाहिजे. मीही सांगत आलो. पण भडगावला ज्या गल्लीत मी वाढलो तिथं त्याच रात्री एका घरावर चांदणी लागायची. कामट्या वाकवून, पतंगाचा कागद डकवून केलेली, आत चाळीसचा बल्ब. ते घर माझ्या आत्याचं. बापाची चुलत बहीण, ख्रिस्ती घरात दिलेली. आमचं घर छप्पन्ननंतर बौद्ध झालं. भिंतीला भिंत लागून होती. इकडे बाबासाहेबांचा फोटो, तिकडे येशूचा. दोन्ही घरांचे म्हातारे एकाच महारवाड्यात जन्मलेले, एकाच गावकीची राबणूक केलेले.

माझ्या एकाही भाषणात ती चांदणी आली नाही. का नाही आली, हे मला फार उशिरा टोचलं. मिशनचा इतिहास साहेबांनी आपल्या अहवालांत लिहिला. आपला इतिहास आपण लिहिला. मधलं हे घर दोन्हीकडून सुटलं. म्हणून हे लिहितो आहे.

आधी हे घर ख्रिस्ती झालं कसं ते पाहू. खानदेशात १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. संवत १९५६, म्हणून म्हातारी माणसं त्याला छप्पन्न्या म्हणायची. माणसं रस्त्यात मेली, पोरं उघडी पडली. त्या सुमारास मिशनं इथं पाय रोवत होती. रेल्वेच्या पट्ट्यात, म्हणजे भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावला, अमेरिकेतून आलेलं अलायन्स मिशन. पश्चिमेला नंदुरबारच्या अंगाला, भिल्ल-मावच्यांच्या मुलखात, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. हे दुसरं मिशन फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश माणसानं १८९० साली शिकागोत काढलेलं. १९०६ साली सरकारनं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. मिशनांनी त्याआधीच मुलूख वाटून घेतल्यासारखा होता. आमचं भडगाव गिरणेच्या काठावर, रेल्वे लायनीपासून आत. इथं मिशनचा बंगला नव्हता. इथं यायचा तो हिवाळा.

हिवाळा यायचा म्हणजे काय? दिवाळी झाली, वाटा सुकल्या, ज्वारी उभी राहिली की पादरी बैलगाडीत तंबू घालून दौऱ्यावर निघायचे. आमराईत तंबू ठोकायचा, आठ-पंधरा दिवस राहायचं, भोवतालची खेडी पायी करायची. बरोबर एक-दोन देशी प्रचारक, औषधांची पेटी, छोट्या पुस्तकांचा गठ्ठा, आणि बायकांत जाऊन बसणारी बायबल-बाई. रात्री मांडव नाहीतर धोतराचा पडदा, आणि त्यावर जादूच्या कंदिलाची चित्रं. प्रवचनाला न येणारं गाव चित्रांना यायचं. पेटी-तबला-झांजा घेऊन कीर्तन व्हायचं. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडून दिली होती, तीच इकडेही चालली. चाल अभंगाची, नाव येशूचं.

आता यातली गोम बघा. याच हिवाळ्यात कलेक्टर आणि मामलेदारही तंबू घेऊन फिरायचे. महाराला तंबू म्हणजे काय माहीत होतं? वेठ. साहेबाचा तंबू पडला की महारानं लाकडं आणायची, घोड्याला गवत टाकायचं, रात्रभर राखण करायची, सकाळी पुढच्या गावाची वाट दाखवायला पुढं पळायचं. वतनाच्या नावाखाली ही राबणूक चालली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं तेव्हापासून भांडण चाललं, आणि कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडावं लागलं. तर अशा माणसापुढं, त्याच आमराईत, तसाच एक पांढरा तंबू उभा राहिला, आणि त्यातला गोरा माणूस म्हणाला, बस. खाली बस म्हणाला, पण सतरंजीवर बस म्हणाला. माझ्या मते आमच्या गल्लीतला पहिला बाप्तिस्मा त्या सतरंजीवर झाला. पाणी नंतर पडलं.

‘पोटासाठी बाटले’ असं गाव म्हणायचं. आपल्यातलेही काही म्हणतात. ज्यांची पेवं भरलेली होती त्यांनी हे म्हणावं, यात नवल नाही. आपण म्हणू नये. भुकेलेल्याला भाकर देणाऱ्याचा धर्म बरा वाटला, तर त्यात लाज देणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची नाही. लाज ज्यांनी पेव उघडलं नाही त्यांची.

आणि नाताळ. आमच्याकडे चर्चची इमारत नव्हती. आत्याच्या ओट्यावर भक्ती व्हायची. पाळक बाहेरगावाहून एस्टीनं यायचे, थंडीनं कान बांधलेले. पोरं ख्रिस्तजन्माचं नाटक करायची. गव्हाण आमच्या घरून जायची, खरी, गोठ्यातली. उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाईला गोठ्यात बाळंत व्हावं लागलं, हे आत्या सांगायची तेव्हा कुणाला समजावून द्यावं लागत नसे. जागा न मिळणं आम्हाला पाठ होतं. पहिली बातमी मेंढपाळांना लागली, कारण ते रात्री राखणीला जागे होते. आत्या म्हणायची, ते त्यांच्याकडचे येसकर.

मग प्रीतिभोजन. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर करंज्या. पंगत एकच. मिशनचे लोक या पंगतीला धर्माचा भाग मानायचे. आम्ही पोरं भुकेचा भाग मानायचो. पण आज वाटतं, ज्या गावात चहाच्या दुकानात आपल्या लोकांचे कप वेगळे ठेवले जात, तिथं एका ताटवाटीच्या पंगतीला अर्थ होता. फक्त ती पंगत गल्लीबाहेर गेली नाही. गावातला कुणी तिच्यात बसला नाही, आणि पंगत गावात जाऊन बसली नाही.

इथंच बाबासाहेबांचा आक्षेप सुरू होतो, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं त्यांचं भाषण झालं. त्या फेब्रुवारीत ते ‘जनता’त छापून आलं. येवल्याची घोषणा १९३५ ची. कुठल्या धर्मात जायचं हे तेव्हा ठरायचं होतं. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचा आपल्या मनावर मोठा ठसा आहे, असं ते तिथं बोलले. आणि त्याच तोंडानं विचारलं की दक्षिणेतल्या देवळांत जात का पाळली जाते, आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध राजकीय लढा का देत नाही. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर त्यांनी पुढं वेगळं लिहिलं. महाराष्ट्र सरकारनं १९८९ साली त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात ते छापलं. त्यात मिशनांनी ब्राह्मणांच्या मागं किती वर्षं घालवली याचा हिशेब आहे, आणि धर्म बदलल्यावर माणूस जुन्या अन्यायाविरुद्ध गप्प का होतो हा सवाल आहे.

हिशेब खोटा नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बाबा पदमनजी येतात, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक येतात. यायलाच पाहिजेत, मोठी माणसं. पण थंडीत खेडोपाडी अनवाणी फिरलेल्या महार बायबल-बाईचं नाव कुठल्या पुस्तकात आहे? ती वाचायला शिकली होती. गल्लीतली वाचणारी पहिली बाई ती होती. आम्हाला ते माहीतसुद्धा नाही.

गप्प बसण्याचा सवाल आमच्या दाराशीच आहे. चाळीसगाव भडगावपासून दूर नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून धुळ्याकडून येताना चाळीसगावला उतरले. धुळे लायनीवरच्या एका गावानं तिथल्या अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून ते परतले होते. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, पण हाकणारा आपलाच माणूस, ज्याला हाकता येत नव्हतं. पुलावर चाक अडलं, घोडा उधळला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या चाळीसगावात मिशनचं ठाणं शतकाच्या सुरवातीपासून होतं, त्या चाळीसगावातली ही गोष्ट. दर हिवाळ्यात तंबू पडत होता, शुभवर्तमान सांगितलं जात होतं, आणि टांगेवाला होता तिथंच होता. तंबू माणसाला बस म्हणाला. ऊठ म्हणाला नाही.

ऊठ म्हणाले ते महाडला. आणि तारीख कोणती? पंचवीस डिसेंबर. सत्याग्रह परिषद २५ पासून भरली. त्याच रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. आता तारीख हीच का? इंग्रजी राज्यात नाताळ म्हणजे कचेऱ्या-कोर्टांची सुट्टी. १८८५ पासून काँग्रेसची अधिवेशनंही याच आठवड्यात भरत आली. कारकून, मास्तर, पेन्शनर शिपाई या दिवसांत मोकळे, शेतं हलकी, प्रवासाला हवा बरी. म्हणजे साहेबाच्या सणानं दिलेली सुट्टी आपल्या माणसांनी आपल्या कामाला लावली, असा माझा कयास आहे. तंबूवाल्यांनी हिवाळा वापरला, आपणही हिवाळा वापरला. एकाच थंडीत शेजारच्या ओट्यावर चांदणी लागली आणि महाडला आग लागली. हे दोन्ही उजेड एकाच अंधाराविरुद्ध होते, इतकं म्हणायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आता आजचा मुद्दा, ज्यासाठी एवढं सांगितलं. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरवलं की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा नाही. १९५६ साली शीख त्यात घेतले. बौद्धांना केंद्राच्या यादीत घ्यायला १९९० उजाडलं. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं. महाराष्ट्र सरकारनं सवलती दिल्या होत्या म्हणून इथं निभावलं. केंद्राच्या नोकरीत आणि परप्रांतात आपल्या पोरांनी काय सोसलं ते सोसणाऱ्यांना विचारा. धर्म बदलला म्हणजे जात गेली, हे सरकारचं गणित आपणच खोटं ठरवलं. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारे सूसाई नावाचे आदिद्रविड ख्रिस्ती होते. हिंदू चर्मकारांना सरकारनं टपऱ्या दिल्या, यांना नाही. ते सुप्रीम कोर्टात गेले. १९८५ साली कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही छळ तितक्याच तीव्रतेनं चालू आहे याचा पुरावा आणा. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढा असं सुचवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोगावर आयोग.

आत्याचा मुलगा दाखल्यासाठी एका कचेरीत गेला होता तेव्हा मी बरोबर होतो. कारकुनानं दोघांची आडनावं वाचली, एकच. आजोबांचं गाव एकच. मग त्यानं धर्माचा रकाना वाचला आणि कागद दोन गठ्ठ्यांत टाकले. जे भिंतीनं केलं नव्हतं ते त्या टेबलानं केलं.

आपल्यातले काही म्हणतील, त्यांना घेतलं तर आपल्या वाट्यात वाटेकरी वाढतील. मी त्यांना विचारतो, १९९० च्या आधी हाच मुद्दा कुणी आपल्याविरुद्ध मांडला असता तर? वाटा वाढवून मागू, पण सख्ख्यांना पंगतीतून उठवू नका. काही म्हणतील, बाबासाहेबांनी तो धर्म नाकारला. बरोबर. धर्म नाकारला, त्यातली आपली माणसं नाकारली नाहीत. सोलापूरला जाऊन त्यांच्यापुढं उभे राहिले, तोंडावर बोलले. आपण निदान तेवढं तरी करू. आणि त्या बाजूनंही जाग आली आहे. आपल्याच महाराष्ट्राचे अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित हा शब्द थेट ख्रिस्ती धर्मशास्त्रात नेऊन ठेवला. देवळात जात आहे हे त्यांनी आतून सांगितलं.

मग करायचं काय? येत्या पंचवीस डिसेंबरला दहनदिनाची सभा झाली की गल्लीतल्या त्या घरी जा. फराळ खा. मग वही काढा. पहिला बाप्तिस्मा कुणी घेतला, बायबल-बाई कोण होती, तंबू कुठल्या आमराईत पडायचा, ते लिहून घ्या. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या असतील तर बघा. नाव बदललं तरी गाव, बापाचं नाव, कधी जातही त्यात सापडेल. कोर्टानं पुरावा मागितला आहे ना? तो असा गोळा होतो. आणि त्यांच्या पोरांना महाडचं बोलावणं द्या.

आत्या आता थकली आहे. गेल्या नाताळात तिच्या ओट्यावर बसलो होतो. चांदणी आता प्लॅस्टिकची, बाजारातली. मी तिला हा लेख लिहितो आहे असं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग आपल्या अहिराणीत म्हणाली, “तुमी आमले मोजतस का, भाऊ?”

मी तिला हो म्हणालो. तुम्ही काय म्हणणार, ते सांगा.