'ई' जीवनसत्त्व आणि मातृत्व : नैसर्गिक व संश्लेषित रूपांच्या वादाचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी हा तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला, कापूस पिकविणारा तालुका होय. येथील कापूस जिनिंगमध्ये गेला म्हणजे रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे होते. रुईविषयी वऱ्हाडच्या अर्थकारणाच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. सरकीकडे मात्र तेल आणि ढेप यांपलीकडे फारसे पाहिले जात नाही. वस्तुतः सरकीच्या तेलात असे एक द्रव्य आहे, की ज्याचे शास्त्रीय नावच प्रसूतीवरून पडले आहे. हे द्रव्य म्हणजे टोकोफेरॉल अथवा 'ई' जीवनसत्त्व. गरोदर स्त्रीला आणि तिच्या अर्भकाला ते निसर्गात आढळते त्या रूपात मिळावे, की कारखान्यात बनविलेल्या रूपात मिळाले तरी चालेल, हा प्रश्न गेली ऐंशीहून अधिक वर्षे विचारला जात आहे. या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी का बदलले आणि विदर्भातील मातांचा या इतिहासाशी काय संबंध आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. त्या काळी ज्ञात असलेली सर्व पोषकद्रव्ये असलेल्या कृत्रिम आहारावर वाढविलेल्या उंदीर-माद्या धष्टपुष्ट दिसत. त्यांना गर्भही राहत असे. परंतु तो पुरा वाढण्यापूर्वीच मरून गर्भाशयात विरून जाई. आहारात सॅलडच्या भाजीची ताजी पाने अथवा गव्हांकुर घातले, की गर्भ टिकत असे. या अज्ञात घटकास पुढे 'ई' हे अक्षर मिळाले. १९३६ साली इव्हान्स, ऑलिव्हर इमर्सन व ग्लॅडिस इमर्सन यांनी गव्हांकुराच्या तेलातून तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉर्ज कॅल्हून यांनी 'प्रसव' आणि 'धारण करणे' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यास टोकोफेरॉल हे नाव सुचविले. त्यानंतर थोड्याच काळात याच प्रयोगशाळेने सरकीच्या तेलातूनही टोकोफेरॉल मिळविले. १९३८ साली झुरिच येथे पॉल कॅरर यांनी त्याचे संश्लेषण केले, आणि येथूनच वादास प्रारंभ झाला.

हा वाद समजण्यासाठी रसायनशास्त्रातील एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अल्फा-टोकोफेरॉलच्या रेणूत तीन ठिकाणी अणूंची मांडणी उजव्या अथवा डाव्या हातासारखी दोन प्रकारे होऊ शकते. त्यामुळे त्याची एकंदर आठ रूपे संभवतात. वनस्पती यांपैकी एकच रूप निर्माण करते. कॅरर यांच्या पद्धतीत रेणूची शेपटी वनस्पतिजन्य द्रव्यापासून घेतलेली असल्याने दोन रूपांचे मिश्रण मिळे. १९४१ साली आंतरराष्ट्रीय एकक ठरविताना अशा संश्लेषित द्रव्याच्या ॲसिटेटचा एक मिलिग्रॅम हे प्रमाण मानण्यात आले. पुढे ही शेपटीही कारखान्यातच बनू लागली आणि मिश्रणात आठही रूपे आली. अशा रीतीने 'संश्लेषित' हे नाव कायम राहिले, पण त्याखालील वस्तू मात्र बदलली.

नैसर्गिक रूप किती पटींनी प्रभावी, हे ठरविण्याची कसोटीही मूळ शोधातीलच होती. जीवनसत्त्वापासून वंचित ठेवलेल्या गर्भिणी उंदरीचे किती गर्भ वाचतात, हे मोजावयाचे. त्यावरून नैसर्गिक ॲसिटेट हे संश्लेषित ॲसिटेटच्या १.३६ पट प्रभावी ठरले, आणि हा आकडा अनेक दशके औषधांच्या बाटल्यांवरील हिशेबाचा आधार होऊन बसला. तथापि उंदराची वार आणि स्त्रीची वार यांना एकच नियम लागू पडतो, हे कोणी सिद्ध केलेले नव्हते. जड हायड्रोजनाची खूण केलेली दोन्ही रूपे गरोदर स्त्रियांना देऊन केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नैसर्गिक रूपाचे पारडे आईच्या रक्तात जड होतेच. नाळेच्या रक्तात ते त्याहूनही जड आढळले. यकृतातील एक वाहक प्रथिन योग्य मांडणीची रूपे निवडून रक्तात सोडते आणि इतर रूपांना फारसा थारा देत नाही, हे याचे एक कारण होय. इ. स. २००० मध्ये अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आहारमानाचा हिशेब नव्याने मांडताना आठ रूपांच्या मिश्रणाचे मोल नैसर्गिक रूपाच्या निम्मे धरले.

येथवरचा इतिहास वाचून नैसर्गिक पक्षाचा विजय झाला, असे कोणास वाटेल. परंतु अधिक चांगले रूप म्हणजे अधिक मात्रेची गरज, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नवजात अर्भकांचा इतिहास याची साक्ष देतो. वारेतून हे स्निग्ध जीवनसत्त्व अल्प प्रमाणातच पलीकडे जाते. म्हणून नाळेच्या रक्तातील त्याची पातळी आईच्या रक्ताच्या मानाने बरीच कमी असते. ही उणीव प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट पिवळसर दूध भरून काढते, कारण नंतरच्या दुधापेक्षा त्यात टोकोफेरॉल कितीतरी अधिक असते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची गोष्ट वेगळी. गर्भाच्या शरीरात चरबी साठते ती मुख्यतः अखेरच्या महिन्यांत, आणि टोकोफेरॉलचा साठाही तिच्याबरोबरच होतो. १९६७ साली ऑस्की व बार्नेस यांनी अशा मुलांच्या तांबड्या पेशी फुटून होणाऱ्या रक्तक्षयाचा संबंध या जीवनसत्त्वाच्या अभावाशी जोडला. त्या काळच्या डब्यातील दुधात असंपृक्त स्निग्धाम्ले आणि लोह यांची भर पडल्याने ही उणीव अधिक जाणवत होती, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे कृत्रिम आहाराने वाढविलेला दोष कृत्रिम औषधाने निवारण्याचा हा प्रसंग होता.

त्यानंतर उत्साहाची लाट आली. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या नेत्रपटलाचे रक्षण व्हावे म्हणून मोठ्या मात्रा देण्यात येऊ लागल्या. १९८३-८४ मध्ये अमेरिकेत शिरेतून देण्याचे एक टोकोफेरॉल-द्रावण पुरेशा परीक्षणावाचून बाजारात आले. त्याच्याशी ३८ अर्भकांच्या मृत्यूंचा संबंध जोडण्यात आला आणि ते मागे घ्यावे लागले. दोष बहुतांशी द्रव्य विरघळविणाऱ्या घटकांकडे गेला. मोठ्या मात्रांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, असेही पुढील परीक्षणांतून दिसून आले.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडले. गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या विकारात ऑक्सिडीकरणाचा अतिरेक असतो. तेव्हा 'क' व 'ई' जीवनसत्त्वांनी तो टळेल, अशी कल्पना होती. १९९९ साली लंडनमधील २८३ स्त्रियांवरील प्रयोगाने तिला बळ दिले. ब्रिटनमध्येच सुमारे २,४०० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र नैसर्गिक रूपाचे ४०० एकक देऊनही विकार टळला नाही. उलट कमी वजनाची मुले अधिक जन्मली. ब्रिटनमधील स्त्रिया सुपोषित; कुपोषित प्रदेशात लाभ होईल, असा युक्तिवाद तरीही शिल्लक होता. त्याचा निकाल ज्या स्त्रियांनी लावला, त्यांत विदर्भातील स्त्रिया होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने नागपूर, तसेच पेरू, दक्षिण आफ्रिका व व्हिएतनाम येथील एकूण १,३६५ स्त्रियांवर २००४ ते २००६ या काळात हाच प्रयोग केला. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कमी पोषणाच्या समाजातही या गोळ्यांनी तो विकार टळत नाही. २०१६ साली संघटनेने गरोदरपणात ही पूरके देऊ नयेत, अशी शिफारस केली.

मग संश्लेषित जीवनसत्त्व मातेच्या उपयोगाचे नाहीच काय? तसे म्हणणेही चुकीचे होईल, आणि याचा पुरावा मुंबईत आहे. १९२८ साली लूसी विल्स या वैद्यकसंशोधक मुंबईत आल्या आणि गरोदर स्त्रियांच्या घातक रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. हाफकिन संस्थेतील संशोधनात त्यांचे लक्ष रोगजंतूंवरून आहाराकडे वळले, आणि यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. तो घटक म्हणजे फोलेट. १९४५ साली अमेरिकेत, यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या संशोधनविभागाचे प्रमुख होते तेथे, फॉलिक आम्लाचे संश्लेषण झाले. येथे न्याय नेमका उलट आहे : संश्लेषित फॉलिक आम्ल अन्नातील फोलेटपेक्षा शरीरात अधिक चांगले शोषले जाते. बर्कलीत आणि मुंबईत शोधाचा आरंभ गर्भारपणातूनच झाला. पण एका द्रव्याच्या बाबतीत वनस्पती श्रेष्ठ ठरली, तर दुसऱ्याच्या बाबतीत प्रयोगशाळा. तेव्हा 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' ही द्रव्यांची गुणवर्णने नव्हेत. ती केवळ त्यांच्या उगमाची नावे आहेत. गुणांचा निर्णय प्रत्येक द्रव्यापुरता आणि प्रत्यक्ष मातेच्या कसोटीवरच करावा लागतो.

या इतिहासाचा अर्थ झरी जामणीसारख्या तालुक्यात अगदी व्यवहाराचा आहे. गरोदर स्त्रीच्या हाती कोणती गोळी द्यावयाची, हा येथे वादाचा विषय नसून तिच्या रक्ताचा प्रश्न आहे. २०१८ पासूनच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' योजनेत गरोदर स्त्रीस ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल यांची रोजची गोळी १८० दिवस द्यावयाची आहे. या गोळीमागे मुंबईतील संशोधनाची परंपरा उभी आहे. टोकोफेरॉलच्या महागड्या गोळीमागे असा आधार नाही. गरजेपुरते टोकोफेरॉल रोजच्या जेवणातील तेलातून मिळू शकते. सरकीचे तेलही त्यास चालते, मात्र ते शुद्ध केलेलेच असावे, कारण कच्च्या तेलात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. अर्भकाचा वाटा आईच्या पहिल्या दुधात आहे, आणि ते पिळून टाकून देण्याची चाल जेथे असेल, तेथे बाळाचा हा पहिला साठाच वाया जातो. उंदरीच्या गर्भापासून नागपूरच्या रुग्णालयापर्यंतच्या या सुमारे नव्वद वर्षांच्या वाटचालीतून निष्पन्न झालेले ज्ञान ते एवढेच; परंतु ते मिळविण्यासाठी कितीएक मातांनी आपली शरीरे प्रयोगास दिली आणि काही अर्भकांनी प्राणही गमावले, याचे विस्मरण अभ्यासकास होता कामा नये.