अतिनील वायुशुद्धक

अतिनील वायुशुद्धक हे बंदिस्त जागेतील हवेत तरंगणारे जीवाणू, विषाणू आणि बुरशीचे बीजाणू अतिनील किरणांच्या साहाय्याने निष्क्रिय करणारे उपकरण होय. या किरणांना मराठी विश्वकोशात 'जंबुपार' अशी संज्ञा आहे. जांभळ्या रंगापलीकडचा प्रदेश ती अधिक नेमकेपणाने दर्शवते; तथापि व्यवहारात 'अतिनील' हाच शब्द रुळला आहे.

कार्यपद्धती

अतिनील किरणांपैकी २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचे 'सी' गटातील किरण जंतुनाशक असतात. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून प्रामुख्याने २५३.७ नॅनोमीटरचे किरण बाहेर पडतात. ते सूक्ष्मजीवाच्या डीएनएमधील शेजारशेजारच्या थायमिन रेणूंना एकमेकांशी जोडतात आणि त्यामुळे त्याचे पुनरुत्पादन थांबते. साधी काच हे किरण अडवते, म्हणून दिव्याची नळी क्वार्ट्झची किंवा खास काचेची असते.

उपकरणांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात पंखा खोलीतील हवा बंद पेटीत ओढून दिव्यावरून नेतो. दुसऱ्यात दिवे भिंतीवर साधारण २.१ मीटरपेक्षा अधिक उंचीवर बसवून किरण केवळ छताजवळच्या हवेत सोडले जातात.

इतिहास

सूर्यप्रकाशाने जीवाणू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखवले. हवेच्या निर्जंतुकीकरणाचा पाया मात्र अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी घातला. त्यांनी १९३७ पासून फिलाडेल्फिया परिसरातील शाळांच्या वर्गांत असे दिवे लावले. १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांतील मुलांना लागण लक्षणीय कमी झाली. न्यूयॉर्क राज्यातील शाळांत पुढे झालेल्या प्रयोगांत हे यश तितकेसे दिसले नाही. मुले एकाच बसमधून ये-जा करत, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. वर्गातील दिव्याचा प्रभाव वर्गापुरताच असतो.

वेल्स यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरमध्ये क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. अतिनील किरणांतून गेलेली हवा मिळालेल्या प्राण्यांना क्षयाची लागण झाली नाही. पेरूमधील लिमा येथे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात दिव्यांविना ३५ टक्के, तर छताजवळील दिव्यांसह ९.५ टक्के प्राणी बाधित झाले.

आवाज आणि क्षमता

अतिनील दिवा जवळजवळ निःशब्द असतो. आवाज येतो तो पंख्याचा. पंख्याची गती निम्मी केल्यास आवाज सुमारे १५ डेसिबलांनी घटतो, पण हवेचा प्रवाहही निम्माच उरतो. त्यामुळे 'अतिशय शांत' अशी जाहिरात वाचताना तो आवाज कोणत्या गतीला मोजला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३.५ मीटर उंच वर्गात १६८ घनमीटर हवा असते. तासाला पाच वेळा हवा शुद्ध व्हावी अशी अपेक्षा ठेवल्यास ८४० घनमीटरांचा प्रवाह लागतो. मेजावरचे ६० घनमीटरांचे यंत्र तेथे शोभेपुरतेच. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातील पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. अधिक आवाज करणारे यंत्र शिकवताना बंद केले जाण्याचा संभव असतो, आणि बंद यंत्राने कोणाचेच रक्षण होत नाही. या दृष्टीने मोठा पण संथ पंखा, अथवा हवा वर-खाली मिसळण्यासाठी छताच्या पंख्याची मदत घेणारे भिंतीवरचे दिवे, अधिक सोयीचे होत.

मर्यादा व धोके

हे किरण धूळ, धूर किंवा उदबत्तीचे कण काढत नाहीत. त्यासाठी गाळणीच हवी. दमट हवेत परिणामकारकता घटते, हे कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात ध्यानात घ्यावे लागते. उघड्या दिव्याकडे पाहिल्यास डोळ्यांचा दाह होतो व त्वचा भाजते. १८५ नॅनोमीटरचे किरणही सोडणाऱ्या दिव्यांतून फुप्फुसांना अपायकारक ओझोन तयार होतो, म्हणून माणसांचा वावर असलेल्या जागी ते वर्ज्य आहेत. दिव्याचे आयुष्य साधारणतः ९,००० तास, म्हणजे अखंड वापरात सुमारे वर्षभर असते. त्यानंतरही निळसर प्रकाश दिसत राहतो, परंतु जंतुनाशक शक्ती ओसरलेली असते. दिव्यात पारा असल्याने तो घरगुती कचऱ्यात टाकू नये.