पैशापैशाचा हिशेब ठेवणारी भोजनगृहे : कोलकात्यातील प्रवास, जेवण आणि खर्च

कोलकाता : महाराष्ट्रातून कोलकात्यास जाणाऱ्या कुटुंबाचा अर्धा खर्च बहुधा घर सोडण्यापूर्वीच ठरलेला असतो. रेल्वेचे तिकीट काढलेले असते, निवासाची आगाऊ रक्कम भरलेली असते. उरलेला अर्धा खर्च मात्र त्या शहरात रोज, लहानलहान रकमांनी होतो, आणि प्रवाशाचा अंदाज चुकतो तो तिथेच. टॅक्सी, दोन वेळचे जेवण आणि बिलाच्या तळाशी छापलेल्या दोन-तीन ओळी यांची आधी माहिती असेल, तर चार दिवसांच्या मुक्कामात हाताशी चांगली रक्कम उरू शकते.

मुंबई ते हावडा हे नागपूरमार्गे अंतर सुमारे 1,970 किलोमीटर आहे. या मार्गावरील गीतांजली एक्सप्रेसचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ स्थानकांपुरता नाही. कोकणातून लोकसभेवर गेलेले मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, डिसेंबर 1977 मध्ये, ही गाडी वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर मऊ गाद्या आल्या त्याही त्यांच्याच कारकिर्दीत. गीतांजलीला पुढे वातानुकूलित डबे जोडले गेले. तीस तासांच्या आसपासचा हा प्रवास आजही शयनयानातून करणारे असंख्य प्रवासी त्या जुन्या निर्णयाचे लाभार्थी आहेत. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस हावड्यास जाते. आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस झाली आहे. निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास सामान्यतः काहीही परत मिळत नाही, म्हणून बेत डळमळीत असताना तत्काळचा मोह टाळणे श्रेयस्कर.

हावडा स्थानकाबाहेर पडताच टॅक्सीचालकांचा गराडा पडतो. तेथे प्रीपेड टॅक्सीची सोय आहे. पावती मात्र मुक्कामी पोहोचेपर्यंत स्वतःजवळ ठेवावी आणि उतरल्यावरच चालकाच्या हाती द्यावी. राज्य शासनाचे ‘यात्री साथी’ हे ॲपही वापरता येते. सामान हलके असेल तर याहून स्वस्त दोन मार्ग आहेत. पहिला हुगळीवरील फेरीबोटीचा : स्थानकासमोरच्या घाटावरून बाबूघाट, फेअर्ली किंवा आर्मेनियन घाटास अगदी थोड्या रुपयांत पोहोचता येते, आणि वाटेत 1943 साली खुला झालेला हावडा पूल संपूर्ण दिसतो. दुसरा मेट्रोचा : मार्च 2024 मध्ये नदीच्या तळाखालून जाणारी मेट्रो सुरू झाली. ऑगस्ट 2025 पासून तीच मार्गिका हावडा मैदानापासून एस्प्लनेड व सियालदहमार्गे सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचपर्यंत अखंड धावते. त्याच सुमारास विमानतळही नोआपाडा येथे मेट्रोने जोडला गेला. देशातील पहिली मेट्रो ज्या शहरात 24 ऑक्टोबर 1984 रोजी धावली, तेथे मेट्रो हेच आज सर्वांत भरवशाचे वाहन आहे.

मुंबई-पुण्याच्या प्रवाशाची हमखास फसगत होते ती रिक्षाच्या बाबतीत. कोलकात्यातील ऑटो मीटरवर चालत नाही. ती ठरलेल्या मार्गावर, प्रत्येक आसनाचे ठरलेले भाडे घेऊन, चार उतारूंसह धावते. अमुक पत्त्यावर चला, असे सांगितले की चालक संपूर्ण ऑटोचे भाडे सांगतो आणि प्रवासी तेच रास्त समजतो. ऑटो कोणत्या मार्गाची आहे एवढे विचारून मुकाट्याने आत बसावे. सुटे पैसे बाळगावेत. बंगालीत त्यांना ‘खुचरो’ म्हणतात, आणि बसचा वाहक असो की ऑटोचालक, हा शब्द दिवसातून अनेकदा कानी पडतो.

जेवणाचा विषय निघाला की पर्यटकांच्या पुस्तिका पार्क स्ट्रीटकडे बोट दाखवतात. तेथील उपाहारगृहे नामवंत आहेत, हे खरे. परंतु चार जणांच्या कुटुंबाला रोज दोन वेळा परवडेल असे बंगाली जेवण हवे असेल तर पाइस हॉटेल गाठावे. नावातील ‘पाइस’ म्हणजे आपला जुना पैसा. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होत. त्या चौसष्टांतील काही पैशांत पोटभर जेवण देणारी ती ही भोजनगृहे. खेड्यापाड्यांतून आणि पूर्व बंगालमधून नोकरीसाठी आलेले कारकून, मेसमध्ये राहणारे विद्यार्थी, न्यायालयाच्या कामासाठी आलेले पक्षकार हे त्यांचे गिऱ्हाईक. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘आदर्श हिंदू होटेल’ ही कादंबरी राणाघाट स्थानकाजवळच्या अशाच एका भोजनगृहातील आचाऱ्याची कथा आहे.

गिरणगावातील खानावळीशी याची तुलना मराठी वाचकाच्या मनात सहज येईल. गरज एकच होती : घरापासून दूर राहणाऱ्या एकट्या पुरुषाला घरचे जेवण. हिशेबाची रीत मात्र निराळी. खानावळीत महिन्याचा दर ठरे आणि जे शिजेल ते ताटात पडे. पाइस हॉटेलात प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र दर असतो. भात वेगळा, डाळ वेगळी, माशाचा तुकडा वेगळा, आणि कित्येक ठिकाणी केळीचे पान, लिंबाची फोड व मातीचा पेला यांचेही पैसे निराळे धरले जातात. नवख्याला ही कद्रूपणाची परिसीमा वाटते. वास्तविक हा गरिबाच्या सोयीचा हिशेब आहे. खिशात थोडे पैसे असलेल्या माणसाने भात, डाळ आणि एक भाजी घ्यावी, पगाराच्या दिवशी मासा घ्यावा, आणि शेजारच्याने खाल्लेल्या कोळंबीचा भार त्याच्यावर पडू नये, हे त्यामागचे तत्त्व. थाळीत ते साधत नाही.

वाढपी पदार्थांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवतो. दर भिंतीवरील फळ्यावर खडूने लिहिलेले असतात आणि ते रोज बदलतात, कारण मासे त्या दिवशीच्या बाजारभावाने येतात. जेवण संपले की वाढपी गिऱ्हाइकाने काय काय खाल्ले ते मोठ्याने सांगतो आणि गल्ल्यावर बेरीज होते. म्हणून फळा वाचता येत नसेल तर मासा सांगण्यापूर्वी दर विचारून घ्यावा. तो विचारण्यात कसलाही संकोच नाही, बंगाली गिऱ्हाईकही विचारते. रुई आणि कातला हे रोजचे मासे. पाबदा, पार्शे, टेंगरा त्याहून महाग, आणि इलिश म्हणजे हिल्सा व मोठी कोळंबी यांचा दर तर बाकीच्या संपूर्ण जेवणाइतका किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. न्यू मार्केटजवळ जानबाजारातील सिद्धेश्वरी आश्रम, कॉलेज स्ट्रीट परिसरातील स्वाधीन भारत हिंदू हॉटेल, दक्षिणेकडे रासबिहारीतील तरुण निकेतन ही या परंपरेतील परिचित नावे. दुपारी एकच्या आत पोहोचावे. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला फळ्यावर पुसलेली नावेच येतात.

बंगाली जेवणाला क्रम आहे. आरंभ कडूने : कारले, शेवग्याच्या शेंगा आदी घालून केलेले शुक्तो. मग डाळ व तळलेली भाजी, मग रस्सा किंवा खसखस घातलेला पोस्तो, त्यानंतर मासा, आणि शेवटी गोडसर चटणी. सर्व पदार्थ एकदम मागवून कालवण्याची सवय असलेल्यांनी एकदा तरी हा क्रम पाळून पाहावा. त्यात आर्थिक लाभही आहे, कारण माशापर्यंत येईतो पोट बरेच भरलेले असते.

शाकाहारी प्रवाशांनी मात्र केवळ पदार्थाच्या नावावर विसंबू नये. मुगाच्या डाळीत माशाचे डोके घालण्याची पद्धत आहे. दुधीच्या वा केळफुलाच्या भाजीत कोळंबी असू शकते. ‘मुडीघंटो’ हा तर माशाच्या डोक्याचाच पदार्थ. ‘निरामिष’ हा शब्द उच्चारून विचारावे. पारंपरिक अर्थाने त्यात कांदा-लसूणही येत नाही. मोहरीचे तेल सर्वत्र असते, त्याची सवय नसलेल्यांनी पहिल्या दिवशी बेताने खावे.

मिठाईच्या दुकानी संदेश, रसगुल्ला नगावर विकला जातो, किलोवर नव्हे. त्यामुळे एकेक नग चाखून मगच घरी न्यायची खरेदी करता येते. ‘बांगलार रसोगोल्ला’ला नोव्हेंबर 2017 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खजुराच्या नव्या गुळाची मिठाई हवी असल्यास हिवाळ्यातच जावे.

मोठ्या उपाहारगृहात बिल हाती आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. सामान्य उपाहारगृहात वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे. महागड्या तारांकित हॉटेलांतील उपाहारगृहांत तो 18 टक्के असू शकतो. दुसरे, कंपोझिशन योजनेतील लहान व्यावसायिकाला गिऱ्हाइकाकडून हा कर वेगळा आकारता येत नाही. तसा उल्लेख त्याच्या बिलावरच असावा लागतो. तिसरे, सेवाशुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप बिलात जोडता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये या सूचना ग्राह्य ठरवल्या. ते वगळण्यास शांतपणे सांगावे. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. खुशीने दिलेली बक्षिशी ही वेगळी बाब, आणि पाइस हॉटेलातील वाढप्याला ती देण्यात काहीच गैर नाही.

निवासासाठी दक्षिण कोलकात्यातील हाजरा रस्त्यावरील ‘महाराष्ट्र निवास’ ही वास्तू मराठी मंडळींच्या परिचयाची आहे. तेथील सोयीची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. हॉटेलची खोली इंटरनेटवरून घेताना आगाऊ रक्कम एखाद्या व्यक्तीच्या खात्यात भरण्यास सांगितले गेले, तर हॉटेलच्या अधिकृत दूरध्वनीवर खात्री केल्याविना पैसे पाठवू नयेत. परतावा मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे पैसे येत नसून जात आहेत. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते.

दुर्गापूजेच्या काळात निवासाचे दर चढतात आणि टॅक्सी गर्दीत अडकून पडते. त्या दिवसांत मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालवली जाते, म्हणून मुक्काम मेट्रो स्थानकापासून पायी अंतरावर घ्यावा.