जेफरसनचे पिवळे जेवणघर

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियातील आपल्या माँटिसेलो या घराचा आराखडा स्वतःच केला होता. त्या घराचे जेवणघर १८१५ च्या सुमारास रंगवले गेले, तेही अंड्याच्या बलकासारख्या भडक पिवळ्या रंगाने.

हा रंग म्हणजे 'क्रोम यलो', त्या काळची अगदी ताजी नवलाई. १७९७ साली वोकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सायबेरियातील एका तांबड्या खनिजात क्रोमियम सापडले आणि त्यातूनच पुढे हा रंग आला. पांढरा सफेदा १५ सेंट पौंड असताना याला पौंडामागे ५ डॉलर मोजावे लागत. कर्जात बुडालेल्या माणसाने हा खर्च करावा, हे जेफरसन यांच्या स्वभावाला धरूनच होते! विसाव्या शतकात याच भिंती निळ्या होत्या. जुन्या थरांच्या तपासणीनंतर २०१० मध्ये त्या पुन्हा पिवळ्या करण्यात आल्या.

पण खोलीचे खरे वैशिष्ट्य तिच्या सोयींत आहे. शेकोटीच्या दोन्ही कडांना चिमुकल्या लिफ्ट लपवलेल्या असून त्यांतून तळघरातील मद्याची बाटली वर येई. एका दाराच्या पाठीला फळ्या होत्या. बाहेरून त्यांवर पदार्थ मांडायचे आणि दार गर्रकन फिरवायचे, की जेवण आत. पाहुण्यांजवळ चाकांची छोटी फळ्यांची टेबले असत; प्रत्येकाने हाताने वाढून घ्यावे.

हे सारे कशासाठी? जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्याकडे जेवलेल्या मार्गारेट बेयर्ड स्मिथ यांनी कारण नोंदवले आहे: वाढणारे नोकर मुके दिसले तरी त्यांचे कान उघडे असतात, आणि मेजावरचे बोलणे मोडतोड होऊन बाहेर पोहोचते. माँटिसेलोत हे वाढणारे गुलाम होते. म्हणजे वाढणारे हात हवे होते, कान मात्र नको होते.

स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला होते. तेथून तळघरातील लांब बोळातून आणि अरुंद जिन्यावरून ताटे वर येत. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली तयार झालेली एडिथ फॉसेट १८०९ पासून येथील मुख्य स्वयंपाकीण होती. पाहुणे तिच्या हातच्या जेवणाची वाखाणणी करत, पण ती दाराच्या पलीकडेच राही.

४ जुलै १८२६ रोजी जेफरसन वारले, तेव्हा कर्ज १ लाख डॉलरच्या वर गेले होते. मृत्युपत्राने एडिथचा नवरा जोसेफ मुक्त झाला, ती आणि मुले नाहीत. जानेवारी १८२७ च्या लिलावात एडिथ विकली गेली, ११ वर्षांचा मुलगा पीटरही. पुढे स्वतंत्र झालेल्या पीटरने सिनसिनाटीत केटरर म्हणून नाव कमावले, बॅप्टिस्ट धर्मोपदेशकही झाला. १९०० साली, पंचाऐंशीच्या घरात असताना, तो माँटिसेलो पाहायला परत आला.