गामा आणि झिबिस्को : एका पुनर्लढतीचा विचार

ठाणे जिल्ह्यातील खर्डी, शहापूर, मुरबाड या टापूतील गावांपासून थेट कोल्हापूरपर्यंत, गावच्या जत्रेबरोबर कुस्त्यांचा आखाडा भरविण्याची रीत महाराष्ट्राच्या चांगल्याच परिचयाची आहे. रेवड्यांवरच्या लहान मुलांच्या कुस्त्यांपासून आरंभ होतो आणि दिवस मावळता मावळता मोठ्या इनामाची जोड लागते. अशी कुस्ती निकाली न होता बरोबरीत सुटली, तर पंच इनाम विभागून देतात. व्यवहार तेथे संपतो; परंतु प्रेक्षकांचे समाधान होत नाही. ‘ही जोड पुन्हा लागली पाहिजे’ असे म्हणतच मंडळी घरोघर परततात. ही मागणी न्यायाची असते, की मनाजोगत्या निकालाची? आणि पुन्हा जोड लागल्यावर जो निकाल मिळतो, तो पहिल्या कुस्तीचा निकाल मानता येतो काय? या प्रश्नांचा विचार करण्यास गामा आणि स्टानिस्लाउस झिबिस्को यांच्या इ. स. १९१० व १९२८ मधील दोन लढतींइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

१९१० साली शरत्कुमार मित्र या बंगाली गृहस्थांच्या आश्रयाने काही हिंदी मल्ल लंडनला गेले. त्यांत गामा व त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष हे प्रमुख होते. आरंभी गामाला जोड मिळण्यातच अडचण आली, तेव्हा त्याने जाहीर आव्हाने दिली. ऑगस्टमध्ये त्याने डॉ. बेंजामिन रोलर या अमेरिकी मल्लास पाडले आणि त्यानंतर झिबिस्कोशी गाठ ठरली. पैजेला अडीचशे पौंडांची रक्कम आणि ‘जॉन बुल’ नावाचा मानाचा पट्टा होता.

ही कुस्ती १० सप्टेंबर १९१० रोजी शेफर्ड्‌स बुश येथील क्रीडांगणावर झाली. दोन वर्षांपूर्वीचे ऑलिंपिक सामने याच जागी झाले होते. झिबिस्को वजनाने गामापेक्षा बराच भारी होता. तरीही पहिल्या काही क्षणांतच गामाने त्यास खाली घेतले. तथापि पुढे जे घडले, त्यास प्रेक्षक कंटाळून गेले. झिबिस्को पालथा होऊन गादीला चिकटून राहिला आणि गामा त्याला उलथविण्याचा प्रयत्न करीत राहिला. दोन तास पस्तीस मिनिटांच्या सुमारास पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडविली व पुढची तारीख १७ सप्टेंबर ठरविली. त्या दिवशी गामा हजर होता, झिबिस्को आला नाही. पट्टा गामाला देण्यात आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. झिबिस्कोच्या पवित्र्यास आपण भित्रेपणा म्हणतो, परंतु युरोपीय कुस्तीच्या परंपरेत तो मान्य बचाव होता. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे गादीला टेकविल्याशिवाय विजय नाही; मग पालथ्या मल्लाची पाठ जोवर खाली लागत नाही, तोवर तो हरलेला नाही. चीतपटीचा हा दंडक आपल्याकडेही आहे. भेद आहे तो भूमीचा आणि रीतीचा. आपला मल्ल भुसभुशीत मातीत उतरतो, माती अंगाला लावून पकड घट्ट करतो. तासन्‌तास पालथे पडून राहणाऱ्यास आपला प्रेक्षक कुस्तीगीर म्हणावयास तयार होत नाही. म्हणजे लंडनची बरोबरी ही केवळ दोन देहांची नव्हे, तर कुस्तीविषयीच्या दोन कल्पनांची होती. गादी आणि तेथील संकेत झिबिस्कोच्या परिचयाचे होते आणि त्याने त्यांचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

या घटनेस राजकीय अर्थ प्राप्त व्हावा हे स्वाभाविक होते. साम्राज्याच्या राजधानीत हिंदी मल्लासमोर युरोपचा नामांकित मल्ल अडीच तास पालथा पडून राहिला, ही वार्ता हिंदुस्थानात केवळ खेळाची वार्ता म्हणून ऐकली गेली नाही. परंतु प्रतिपक्षही राज्यकर्त्यांपैकी नव्हता, हे या उत्साहात विसरले गेले. झिबिस्को पोलिश होता. गॅलिशियात जन्मलेला, ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा प्रजाजन. त्या वर्षी पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते. पारतंत्र्यातील दोन राष्ट्रांचे मल्ल लंडनच्या गादीवर झुंजत होते, असेच या लढतीचे यथार्थ वर्णन करावे लागेल.

पुढील अठरा वर्षांत दोघांच्या वाटा भिन्न झाल्या. हिंदुस्थानात परतल्यावर गामाने अलाहाबाद येथे रहीमबक्ष सुलतानीवाला याच्याशी कुस्ती केली. या जोडीच्या आधीच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या. म्हणजे गामाच्या आयुष्यातील ही पहिली गाजलेली पुनर्लढत होय. ती जिंकून तो रुस्तुम-ए-हिंद ठरला. त्याच सुमारास महाराष्ट्रात मल्लविद्येस राजाश्रयाचे सर्वांत भव्य स्वरूप लाभले. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात शाहू छत्रपतींनी रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिले होते. त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे राहिले. १९१२ मध्ये त्याच्या उद्‌घाटनाच्या कुस्तीत लंडनहून परतलेला इमामबक्ष उतरला व गुलाम मोहिद्दीनवर विजयी झाला. इकडे झिबिस्को अमेरिकेत गेला. १९२१ मध्ये आणि पुन्हा १९२५ मध्ये तो तेथे जगज्जेता म्हणविला गेला. मात्र अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती तोवर बव्हंशी आधी ठरवून केली जात असे. १९२५ मध्ये वेन मन याच्याशी त्याने ठरल्याप्रमाणे न हरता खरा जोर लावला व त्यास पाडले, असे या विषयाचे अभ्यासक मानतात.

अखेर जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे, महाराजा भूपिंदरसिंग यांच्या आश्रयाने, ही जोड पुन्हा लागली. सहस्रावधी प्रेक्षक जमले होते. या वेळी गादी नव्हती. हिंदी आखाड्याची माती होती. कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली. गामाने झिबिस्कोस चीत केले. नेमके किती सेकंद लागले याविषयी वृत्तांतांत एकवाक्यता नाही, आणि ज्या कथेत सेकंद कमी ती अधिक लोकप्रिय झालेली दिसते. अभ्यासकाने या कथांमागे न जाता ज्यावर सर्वांचे एकमत आहे तेवढेच हाती धरावे : निकाल तत्काळ व निःसंदिग्ध लागला.

मग १९१० चा प्रश्न सुटला काय? तुलनेसाठी मुष्टियुद्धातील एक प्रसिद्ध पुनर्लढत घेऊ. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने जो लुईसला बाराव्या फेरीत पाडले. पुढे लुईस जगज्जेता झाला. २२ जून १९३८ रोजी त्याच मैदानावर दोघे पुन्हा भिडले आणि लुईसने पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत, लढत संपविली. तेथे अंतर दोन वर्षांचे होते. मैदान आणि नियम तेच होते. पतियाळात यांपैकी काहीच तेच नव्हते. मध्ये अठरा वर्षे गेली होती, गादीची माती झाली होती आणि यजमान गामाचा आश्रयदाता होता. वयाच्या बाबतीत मात्र कोणाचीच सवलत नव्हती. दोघेही पन्नाशीच्या आसपास होते. तात्पर्य, १९२८ च्या कुस्तीने मातीवर गामा श्रेष्ठ हे निर्विवाद सिद्ध केले. गादीवर काय झाले असते, हा प्रश्न तिने सोडविला नाही, तो विचारलाच नाही. पुनर्लढत आपल्याच नियमांच्या कक्षेतील प्रश्नाचे उत्तर देते. मागील प्रश्नाचे उत्तर तिच्यावर लादणे हे चाहत्याचे काम आहे, इतिहासकाराचे नव्हे.

एका गोष्टीचा निकाल मात्र पतियाळाने खचित लावला, आणि ती गामाच्या नव्हे, झिबिस्कोच्या पक्षाची आहे. १७ सप्टेंबर १९१० रोजी न येणारा मल्ल म्हणून त्याचे नाव आपल्याकडे उपहासाने घेतले जाई. तोच मल्ल उतारवयात समुद्र ओलांडून परक्या देशात, परक्या मातीत, प्रतिस्पर्ध्याच्या रीतीने लढावयास आला आणि सर्वांसमक्ष हरला. लंडनची अनुपस्थिती त्याने स्वतःच्या पाठीने फेडली. गामा १९६० मध्ये लाहोरला वारला. झिबिस्को १९६७ मध्ये अमेरिकेत. दोघांची आठवण आपल्याकडे आजही एकत्रच निघते, ती एकाच्या विजयासाठी. ती दुसऱ्याच्या येण्यासाठीही निघावी, एवढे या दोन लढतींच्या अभ्यासातून निष्पन्न झाले तरी पुष्कळ होय. जोड पुन्हा लागावी असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाला निकाल हवा असतो हे खरे. परंतु तो मिळण्यासाठी हरण्याची तयारी ठेवून कोणीतरी आखाड्यात उतरावे लागते.