तोल आणि मोल : खेळाडूंची क्रमवारी कशी लागते?

परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी लागते. नृसिंहाच्या देवस्थानामुळे हे गाव दूरदूरच्या लोकांना माहीत आहे. परभणी-परळी लोहमार्गावरील स्थानकाचे नावही 'पोखर्णी नृसिंह' असेच आहे. या भागात जत्रांचे दिवस आले, की भिंतींवर, पानटपऱ्यांवर आणि एस.टी.च्या थांब्यांवर कुस्त्यांची पत्रके चिकटवलेली दिसतात. असे एखादे पत्रक शिक्षकांनी मिळवावे आणि वर्गात न्यावे, असे आम्ही सुचवतो. शारीरिक शिक्षणाच्या तासाला नव्हे, गणिताच्या तासाला.

पत्रकाच्या सर्वांत वर 'क्रमांक १ ची कुस्ती' असते. दोन पहिलवानांची छायाचित्रे, त्यांच्या तालमींची नावे आणि ठळक आकड्यात इनाम. त्याखाली त्याहून कमी इनामाची क्रमांक २ ची कुस्ती, मग ३ ची. जसजसे खाली यावे तसतशी छायाचित्रे लहान होत जातात, आकडेही लहान होतात आणि शेवटी किरकोळ कुस्त्या नुसत्या एका ओळीत उरकलेल्या असतात. म्हणजे हे पत्रक एक क्रमवारीचा तक्ताच आहे. तो लावला आहे रुपयांवरून.

बरोबरीच्या जोडीला मराठीत 'तोलामोलाची' म्हणतात. रोज वापरताना या शब्दाची फोड करून पाहण्याचे आपल्या मनात येत नाही. तोल म्हणजे वजन, मोल म्हणजे किंमत. माणसांना क्रमाने लावण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती या एका शब्दात शेजारी शेजारी बसल्या आहेत. जत्रेच्या आखाड्यात वजनकाटा नसतो. पंच मुलांच्या अंगाकडे नजर टाकतात, कोणत्या तालमीचा ते विचारतात आणि मुख्य म्हणजे याआधी कितीच्या कुस्त्या केल्या ते विचारतात. सुरुवातीला रेवड्यांवर आणि नारळावर पोरांच्या कुस्त्या लागतात, नंतर रुपयांच्या, शेवटी मोठ्या इनामाच्या. 'हा दहा हजारांचा पहिलवान' असे लोक सहज बोलून जातात, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या ताकदीचा अंदाजही येतो. येथे इनाम हे बक्षीसही आहे आणि मोजमापही.

पैशाने खेळाडू मोजण्याची ही पद्धत आज जगातील एका मोठ्या व्यावसायिक खेळात अधिकृत आहे. तो खेळ म्हणजे डार्ट्स. आपल्याकडे तो क्लबांत थोडाफार खेळला जातो. इंग्लंडमध्ये मात्र दारूच्या गुत्त्यांतून निघून तो दूरचित्रवाणीवर पोहोचला. भिंतीवर गोल फळा टांगतात. त्याचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंच असतो. खेळाडू २.३७ मीटर अंतरावरून एका पाळीत तीन छोटे बाण फेकतो. फळ्याचे १ ते २० गुणांचे वीस भाग असतात, आणि प्रत्येक भागात दुप्पट व तिप्पट गुणांच्या अरुंद पट्ट्या असतात. ५०१ पासून वजाबाकी करीत शून्यावर यायचे, आणि शेवटचा बाण दुपटीच्या पट्टीतच लागला पाहिजे. नऊ बाणांपेक्षा कमी बाणांत ५०१ संपवता येत नाहीत. ते का, हा सातवीच्या मुलांना घालण्यासारखा चांगला प्रश्न आहे.

१९९२ मध्ये या खेळातले सोळा प्रमुख खेळाडू जुन्या ब्रिटिश संघटनेशी बिनसल्यामुळे बाहेर पडण्याच्या मार्गाला लागले आणि त्यांची वेगळी संस्था निघाली. पुढे तिचे नाव 'प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन' झाले. तिची पहिली जागतिक स्पर्धा १९९४ च्या जानेवारीत संपली. डेनिस प्रिस्टली जिंकला आणि त्याला १६,००० पौंड मिळाले. २००७ पासून या संस्थेने जुनी क्रमवारी मोडीत काढली व 'ऑर्डर ऑफ मेरिट' सुरू केली. शब्दशः अर्थ घेतला तर ही झाली गुणवत्ता यादी. पण गुणवत्ता येथे कशी काढतात? ठरवून दिलेल्या स्पर्धांत गेल्या दोन वर्षांत खेळाडूने किती पौंड मिळवले त्याची नुसती बेरीज करायची. सूत्र नाही, भारांक नाही. ज्याची बेरीज मोठी तो वर.

ही यादी केवळ मानाची नाही. या संस्थेच्या नियमित दौऱ्यावर १२८ खेळाडूंना परवाना असतो. परवान्याची मुदत संपताना पहिल्या ६४ जणांत जो असेल त्याचा परवाना टिकतो. इतरांना पात्रता फेरीतून पुन्हा झगडावे लागते. पासष्टावा आणि चौसष्टावा यांच्यात कधी कधी एखाद्या लहान सामन्याच्या बक्षिसाएवढाच फरक असतो, आणि तेवढ्यावर एकाची पुढच्या वर्षाची भाकरी ठरते.

मोजपट्टी म्हणून पौंड किंवा रुपया वापरला, की पहिली अडचण ही, की पट्टीच ताणली जाते. २०२४ च्या जानेवारीत ल्यूक हम्फ्रीज जागतिक स्पर्धा जिंकला, त्याला ५ लाख पौंड मिळाले. २०२५ मध्ये सतरा वर्षांचा ल्यूक लिटलर जिंकला, त्यालाही ५ लाखच मिळाले. २०२६ मध्ये लिटलर पुन्हा जिंकला. या वेळी बक्षीस होते १० लाख. तोच खेळाडू, तीच स्पर्धा, लंडनचे तेच सभागृह, पण यादीच्या दृष्टीने दुसरा विजय पहिल्याच्या दुप्पट मोठा. प्रिस्टलीच्या १६,००० पौंडांशी तुलना केली तर साडेबासष्ट पट. प्रिस्टलीपेक्षा लिटलर साडेबासष्ट पट चांगला खेळतो, असे त्याच्या आईलाही वाटत नसेल.

दोन वर्षांची मर्यादा घातल्यामुळे हा दोष काहीसा आटोक्यात राहतो. जुने पौंड गळून पडतात आणि निरनिराळ्या काळांतले आकडे फार काळ एकत्र राहत नाहीत. पण त्यातून दुसरी गंमत होते. हम्फ्रीजचे २०२४ चे ५ लाख २०२६ च्या जानेवारीत त्याच्या खात्यातून गेले. त्या दिवशी त्याचा नेम बिघडला नव्हता. दिनदर्शिकेचे पान उलटले, इतकेच. नव्या बक्षिसाने ते खड्डे भरून काढण्यासाठी खेळाडूला सतत पळावे लागते. जिंकणे आणि गेल्या वेळचे राखणे, ही दोन्ही कामे त्याच्या मागे लागतात.

दुसरी अडचण अधिक खोलातली आहे. कोणत्या स्पर्धेला किती बक्षीस ठेवायचे हे आयोजक ठरवतो, आणि त्यातले कोणते यादीत धरायचे हेही तोच ठरवतो. डार्ट्समधील 'प्रीमियर लीग' ही मोठ्या पैशाची स्पर्धा निमंत्रितांचीच असते, म्हणून तिचे पैसे क्रमवारीत धरत नाहीत. हे योग्यच आहे, नाहीतर वर असलेल्यांनाच निमंत्रण आणि निमंत्रितांनाच आणखी वर जागा, असे चक्र सुरू झाले असते. पण याचा अर्थ असा, की पैशाच्या यादीलाही आपल्या दारावर राखणदार बसवावा लागतो. जत्रेतही वेगळे नाही. गावातल्या एखाद्या दानशूराने एका कुस्तीचे इनाम वाढवले, की ती जोड पत्रकात वर सरकते. पहिलवानांनी त्यासाठी एकही जोर जास्त मारलेला नसतो.

येथे चिकित्सक विद्यार्थी विचारील, की डार्ट्समध्ये पैशाची गरजच काय? कुस्तीत समोरच्याशिवाय ताकद मोजता येत नाही. दुबळ्या पहिलवानाला चीत केले तर काय सिद्ध झाले, हा प्रश्न उरतोच. डार्ट्समध्ये प्रतिस्पर्धी तुमच्या हाताला हात लावत नाही. तीन बाणांमागे सरासरी किती गुण झाले ते सरळ मोजता येते आणि प्रत्येक सामन्यानंतर ते जाहीरही होते. मग त्यावरूनच यादी का करू नये? आमच्या मते यामागे खरी दोन कारणे आहेत. एक, सरासरी मोठी असूनही सामना हरता येतो, कारण शेवटची दुपटीची पट्टी दडपणाखाली चुकते, आणि खेळ तर जिंकण्यासाठी आहे. दुसरे कारण व्यवहाराचे. सरासरी जपायची तर खेळाडू मोठ्या स्पर्धा टाळून सोप्या जागी खेळू शकेल. पैशाची यादी त्याला सर्वांत मोठ्या मैदानाकडे ओढते, आणि आयोजकाला तेच हवे असते. शिवाय बेरीज कोणालाही करता येते. वाद घालायला जागा राहत नाही. साधेपणा हा या पद्धतीचा गुण आम्ही कमी लेखत नाही.

बुद्धिबळाने मात्र वेगळी वाट धरली. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे भौतिकीचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी सुचवलेली गुणांकन पद्धत तेथील बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात बक्षिसाला जागाच नाही. दोन खेळाडूंच्या गुणांकनातील फरकावरून वरचढ खेळाडूने सरासरी किती गुण मिळवावेत याचा आधी अंदाज करतात. फरक २०० असेल तर हा अंदाज एका डावामागे सुमारे ०.७६ येतो. मग प्रत्यक्ष निकाल आणि अंदाज यांतील अंतराला ठरावीक अंकाने गुणतात. तो अंक २० धरला, तर वरचढ खेळाडूला अपेक्षित विजयासाठी जेमतेम ५ गुण मिळतात; दुबळा जिंकला तर त्याला सुमारे १५ मिळतात आणि वरच्याचे तितकेच जातात. 'कोणाला हरवलेस?' हा जो प्रश्न जत्रेतले पंच तोंडाने विचारतात, तोच एलो यांनी गणितात बसवला.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. तिला मानांकन पंधरावे होते. पहिले बक्षीस होते ५०,००० डॉलर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोव्यात खुल्या गटाचा विश्वचषक झाला. तेथे खेळाडू अधिक होते आणि विजेत्या जावोखिर सिंदारोवला १,२०,००० डॉलर मिळाले. बुद्धिबळाची क्रमवारी डार्ट्ससारखी लावली असती, तर दिव्याचे यश जागेवरच निम्म्याहून कमी मोजले गेले असते. टेनिसमध्ये विम्बल्डनने स्त्रियांना पुरुषांइतके बक्षीस द्यायला २००७ पर्यंत वेळ लावला. सुदैवाने टेनिसची जागतिक क्रमवारी गुणांवर चालते, आणि स्त्री-पुरुषांची वेगळी असते. पैशाच्या यादीत अशी विषमता मोजमापातच मुरली असती, आणि आकडा पाहणाऱ्याला ती दिसलीही नसती.

एलो पद्धतही निर्दोष नाही. ती एकमेकांशी खेळणाऱ्यांतच चालते. पोखर्णीच्या मुलांनी फक्त आपसात आणि मुंबईच्या मुलांनी फक्त आपसात डाव खेळले, तर दोन्हीकडचे १५०० सारखे आहेत असे म्हणता येणार नाही. दुसरे म्हणजे वर गेलेला खेळाडू गुण गमावण्याच्या भीतीने खेळणेच टाळू शकतो. पैशाच्या यादीत घरी बसणे परवडत नाही, एलोच्या यादीत ते काही काळ परवडते.

आता पुन्हा मातीकडे येऊ. संस्थानी काळात राजाश्रय हीच पहिलवानाची क्रमवारी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले आणि मल्लांच्या खुराकाची सोय केली. संस्थाने गेली, आणि तो भार लोकवर्गणीवर व इनामांवर आला. 'महाराष्ट्र केसरी'ची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये मराठवाड्यातच, औरंगाबादला झाली. दिनकर दह्यारी पहिले केसरी ठरले. येथे एकामागून एक कुस्त्या जिंकत वर जायचे असते. मोहोळ कुटुंबाकडून मिळणारी गदा हे त्याचे चिन्ह आहे. पत्रकात इनामाशेजारी पहिलवानाच्या नावामागे 'महाराष्ट्र केसरी' असे छापतात, तेव्हा दोन क्रमवाऱ्या एकाच ओळीत आलेल्या असतात.

या दोन क्रमवाऱ्यांत किती अंतर असू शकते ते खाशाबा जाधवांच्या आयुष्यात दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक होते, आणि दुसरे मिळायला १९९६ उजाडावे लागले. १९५२ सालची जर कोणी पैशाची यादी केली असती, तर या पदकापुढे शून्य लिहावे लागले असते. खर्च धरला तर उणे. परत आल्यावर कोल्हापुरात मैदाने भरवून, स्वतः लढून मिळालेल्या रकमेतून खाशाबांनी प्राचार्यांचे कर्ज फेडले, असे सांगतात. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा राज्य शासनाने एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. पदक दोन्ही वेळा कांस्यच होते.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग आहे. सहा मुलांनी आपसात कॅरम खेळावा. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा, म्हणजे पंधरा डाव होतील. प्रत्येक डावाचे इनाम आधी चिठ्ठ्या टाकून ठरवावे : एक शेंगदाणा, पाच किंवा दहा. मग तीन याद्या कराव्यात. 'अ' यादी जिंकलेल्या डावांची, 'ब' मिळालेल्या शेंगदाण्यांची, 'क' एलो पद्धतीची, सर्वांना सुरुवातीला १००० गुण देऊन. तिन्ही फळ्यावर शेजारी लिहाव्यात. नंतर इनामाच्या चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्यात आणि त्याच पंधरा निकालांवरून 'ब' यादी परत करावी. एकही सोंगटी न हलवता तिच्यातली नावे वरखाली झालेली मुलांना बहुधा दिसतील. मग शेंगदाणे वाटून टाकावेत.