पुनःसंयोगाचा प्रश्न : रॉबर्ट हॉल यांचे संशोधन आणि इन्व्हर्टर, लेसर व संवेदक यांचा समाईक इतिहास

विद्युत अभियांत्रिकीच्या उच्च अभ्यासक्रमांत शक्ति-इलेक्ट्रॉनिकी, लेसरविद्या आणि संवेदकांचे तंत्र ह्या तीन शाखा सामान्यतः स्वतंत्र मानल्या जातात. त्यांचे इतिहासही निरनिराळे लिहिले गेले आहेत. इन्व्हर्टरचा इतिहास पाऱ्याच्या झडपांपासून, लेसरचा १९६० मधील माणकाच्या कांडीपासून आणि किरणोत्सर्गाच्या संवेदकांचा वायूने भरलेल्या गणित्रापासून आरंभ पावतो. उपकरण हा इतिहासाचा विषय मानला, की अशी विभागणी अपरिहार्य ठरते. परंतु उपकरणाऐवजी त्यामागील प्रश्न विषय मानला, तर ह्या तीन शाखांचा बराच मोठा भाग एकाच मुळापासून फुटलेला दिसतो. तो प्रश्न असा : अर्धवाहक स्फटिकात मोकळा झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जागी राहिलेली पोकळी ही पुन्हा एकत्र केव्हा येतात, आणि ती एकत्र येताना काय घडते? ह्या घटनेला पुनःसंयोग म्हणतात. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट हॉल यांच्या कार्याच्या आधारे हा समाईक इतिहास स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम इन्व्हर्टर ह्या शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात हा शब्द घरोघरी पोहोचला आणि बॅटरीसह येणाऱ्या पेटीचे नाव बनला. त्याचा मूळ अर्थ मात्र एका क्रियेचा निदर्शक आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंते डेव्हिड प्रिन्स यांनी १९२५ मध्ये कंपनीच्या नियतकालिकात ‘इन्व्हर्टर’ ह्याच शीर्षकाचा लेख प्रसिद्ध केला. प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा जो एकदिशकारक, त्याचीच क्रिया उलटी केली म्हणजे एकदिश प्रवाहापासून प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो, ही कल्पना त्या नावात आहे. त्या काळी हे कार्य वायू अथवा पाऱ्याची वाफ भरलेल्या नळ्यांकडून करून घेतले जाई. अशा नळीत एकदा प्रवाह सुरू झाला, की नियंत्रक जाळीला तो थांबविता येत नसे. प्रवाह शून्यावर आल्यावर आतील आयन व इलेक्ट्रॉन नाहीसे होण्यास काही अवधी द्यावा लागे, आणि तो मिळाला नाही तर नळी आपोआप पुन्हा पेटे. विरुद्ध विद्युत्भार एकमेकांत मिसळून नाहीसे होण्यास लागणारा वेळ हा इन्व्हर्टरच्या वेगाची मर्यादा ठरवितो, ही गोष्ट अर्धवाहकांच्या युगापूर्वीच अनुभवास आलेली होती.

रॉबर्ट हॉल यांचा जन्म २५ डिसेंबर १९१९ रोजी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९४२ मध्ये पदवी घेतल्यावर ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये दाखल झाले. युद्धकाळात शत्रूच्या रडारमध्ये व्यत्यय आणण्यासाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर त्यांनी काम केले. त्यानंतर पुन्हा त्याच संस्थेत जाऊन १९४८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली, आणि ते स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत परतले. १९८७ मधील निवृत्तीपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र हेच राहिले. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

ट्रान्झिस्टरचा शोध नुकताच लागला होता. बहुतेक संशोधकांचे लक्ष दुर्बल संकेतांच्या विवर्धनाकडे असताना, विद्युत्शक्तीच्या व्यवसायात असलेल्या ह्या कंपनीत निराळा प्रश्न उभा राहिला : जर्मेनियमसारख्या स्फटिकातून मोठा प्रवाह वाहून नेता येईल काय? हॉल यांनी जर्मेनियमच्या पातळ चकतीच्या एका बाजूस इलेक्ट्रॉन देणारी आणि दुसऱ्या बाजूस इलेक्ट्रॉन घेणारी अशुद्धी मिसळून पी-एन संधी तयार करण्याची रीत विकसित केली. मधला भाग जवळजवळ शुद्ध राहत असे. अशुद्धी अल्प असल्यामुळे हा मधला थर प्रवाहास मोठा विरोध करील, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात एका बाजूने इलेक्ट्रॉन व दुसऱ्या बाजूने पोकळ्या आत शिरून तो थर विद्युत्भारांनी भरून टाकतात, आणि विरोध अतिशय कमी होतो. उलट दिशेच्या दाबाला मात्र तोच थर समर्थपणे तोंड देतो. ह्या रचनेचे यश एकाच गोष्टीवर अवलंबून असते : आत शिरलेले इलेक्ट्रॉन व पोकळ्या मधला थर ओलांडण्यापूर्वी परस्परांत विलीन होऊन चालत नाहीत.

येथून हॉल पुनःसंयोगाच्या मूळ प्रश्नाकडे वळले. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन आणि पोकळी सहसा थेट भेटत नाहीत. स्फटिकातील एखादा परका अणू अथवा दोष प्रथम एकाला धरून ठेवतो व नंतर दुसऱ्याला ओढून घेतो, असे त्यांनी १९५२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात प्रतिपादन केले. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतील विल्यम शॉक्ली व विल्यम रीड यांनी स्वतंत्रपणे ह्याच क्रियेची सविस्तर सांख्यिकी मांडली. म्हणून ह्या सिद्धान्ताला आज तिघांचीही नावे लावली जातात. विद्युत्भारांचा आयुःकाल हा पदार्थाचा अटळ गुण नसून स्फटिकातील दोषांच्या संख्येवर व स्वरूपावर अवलंबून असतो, आणि म्हणून तो अभियंत्याला वाढविता किंवा कमी करता येतो, हा त्याचा व्यावहारिक निष्कर्ष होय. पुढील तीस वर्षांचा इतिहास हा बहुतांशी ह्या निष्कर्षाच्या उपयोजनाचा इतिहास आहे.

त्याचे पहिले मोठे उपयोजन इन्व्हर्टरच्या क्षेत्रात झाले. चार थरांच्या सिलिकॉन स्विचची कार्यपद्धती बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि जनरल इलेक्ट्रिकच्या न्यू यॉर्क राज्यातील क्लाइड येथील विभागाने १९५७ मध्ये तो नियंत्रित एकदिशकारकाच्या रूपात सिद्ध केला. पुढे रूढ झालेले थायरिस्टर हे नाव थायराट्रॉन ही वायूची नळी आणि ट्रान्झिस्टर ह्या दोन शब्दांच्या संयोगातून बनले आहे. ही व्युत्पत्ती यथार्थ आहे, कारण थायरिस्टरने वायूच्या नळीचा गुण घेतला तसा तिचा दोषही घेतला. प्रवाह थांबल्यावर आतील थरांत उरलेले विद्युत्भार नाहीसे होण्यापूर्वी जर पुन्हा सुलट दाब आला, तर थायरिस्टर आज्ञेवाचून वाहू लागतो. इन्व्हर्टरमध्ये असे होणे म्हणजे मंडल लघुपथित होणे होय. पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या एकदिशकारकाला प्रत्येक अर्धचक्रात दहा मिलिसेकंद मिळतात. वेगवान इन्व्हर्टरला काही मायक्रोसेकंदांचा हिशेब ठेवावा लागतो.

ह्यावर योजलेला उपाय लक्षणीय आहे. सिलिकॉनमध्ये सोन्याचे अणू मुद्दाम मिसळण्यात आले. सोन्याचा अणू हे पुनःसंयोगाचे अतिशय समर्थ केंद्र असल्यामुळे विद्युत्भारांचा आयुःकाल घटतो व स्विच लवकर मोकळा होतो. त्याचे मूल्यही द्यावे लागते : आयुःकाल कमी झाला म्हणजे मधला थर पूर्वीइतका भरत नाही, आणि वहनकाळातील ऊर्जाहानी वाढते. इन्व्हर्टरसाठी उत्तम स्फटिक कोणता, ह्या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. जो दोष एकदिशकारकात टाळावयाचा, तोच येथे मोजूनमापून घालावयाचा असतो.

दुसरे उपयोजन लेसरचे. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील ह्यूज प्रयोगशाळेत माणकाचा पहिला लेसर चालविला. त्याचा अर्धवाहकांशी संबंध नव्हता. त्याला प्रकाशाच्या तीव्र झोताने चेतना द्यावी लागे. जुलै १९६२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील डरॅम येथे भरलेल्या परिषदेत एम.आय.टी.च्या लिंकन प्रयोगशाळेतील संशोधकांनी गॅलियम आर्सेनाइडच्या संधीतून असाधारण कार्यक्षमतेने अवरक्त प्रकाश मिळत असल्याचे निवेदन केले. हॉल त्या परिषदेस उपस्थित होते. परतीच्या आगगाडीच्या प्रवासातच त्यांनी अशा संधीतून लेसर-क्रिया होऊ शकेल काय, ह्याची गणिते मांडण्यास आरंभ केला.

ह्या ठिकाणी एकदिशकारकाच्या अनुभवाची उपयुक्तता दिसून येते. जर्मेनियम व सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन व पोकळी यांच्या संवेगांत अंतर असल्यामुळे थेट पुनःसंयोग विरळ असतो, आणि त्यांची ऊर्जा मुख्यत्वे स्फटिकाच्या कंपनांत म्हणजे उष्णतेत जाते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तसे अंतर नाही. तेथे दोघे थेट भेटतात आणि ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. दोन्ही बाजूंनी विद्युत्भार मोठ्या संख्येने आत लोटण्याची कला एकदिशकारकांनी शिकविली होती. आता ते विद्युत्भार वाचवावयाचे नव्हते, तर प्रकाश देऊन नाहीसे होतील असे करावयाचे होते.

हॉल, फेनर, किंग्झली, सोल्टिस व कार्लसन ह्या पाच जणांच्या गटाने बनविलेला स्फटिक सुमारे ०·४ मिलिमीटर बाजूचा घन होता. त्याची समोरासमोरची दोन पृष्ठे परस्परांना समांतर व संधीच्या प्रतलाला लंब अशी घासून चकचकीत करण्यात आली, म्हणजे स्फटिकाच्या कडाच आरशांचे काम करू लागल्या. तरुणपणी हौशी खगोलनिरीक्षक म्हणून दुर्बिणीचे आरसे घासण्याचा हॉल यांना झालेला सराव येथे कामी आला. द्रव नायट्रोजनमध्ये बुडविलेल्या ह्या स्फटिकातून काही मायक्रोसेकंदांचे विद्युत्स्पंद सोडले असता, चौरस सेंटिमीटरला सुमारे ८,५०० अँपिअर ह्या सीमामूल्याच्या वर, ८४२ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशाची वर्णरेषा एकदम अरुंद झाली. इतक्या लहान स्फटिकाच्या हिशेबाने हा प्रवाह सुमारे चौदा अँपिअर होतो. सप्टेंबर १९६२ मध्ये हा प्रयोग यशस्वी झाला आणि १ नोव्हेंबरला त्याचा वृत्तान्त ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. आय.बी.एम., लिंकन प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिकच्याच सिरॅक्यूज येथील निक होलोनियाक यांचे वृत्तान्तही त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत प्रसिद्ध झाले. डरॅमनंतर प्रश्न किती पक्व झाला होता, हे ह्यावरून कळते.

तिसरे उपयोजन संवेदकाचे असून तेथे प्रश्नाची दिशा पूर्णतः उलटते. जर्मेनियमच्या स्फटिकावर गॅमा किरण पडला म्हणजे त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन व पोकळ्यांच्या जोड्या उत्पन्न होतात. एका जोडीस सुमारे तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. कोबाल्ट-६० च्या १·३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या किरणाची सर्व ऊर्जा स्फटिकात शोषली गेली, तर सुमारे साडेचार लक्ष जोड्या मिळतात. त्यांचा एकत्रित विद्युत्भार मोजला की किरणाची ऊर्जा कळते आणि तिच्यावरून मूलद्रव्याची ओळख पटते. वाटेत अडकलेला प्रत्येक विद्युत्भार हे मापन बिघडवितो. म्हणून येथे पुनःसंयोग मुळीच नको असतो. शिवाय भेदक किरणांसाठी संवेदनक्षम थर सेंटिमीटरभर जाड हवा, आणि तेवढ्या जाडीपर्यंत विद्युत्क्षेत्र पोहोचावयाचे तर अशुद्धी जवळजवळ नाहीशी व्हावी लागते.

१९६० नंतरच्या दशकात लिथियमचे आयन स्फटिकात शिरवून अशुद्धीचा परिणाम खोडून काढण्याची युक्ती रूढ होती. पण सामान्य तापमानात लिथियम जागा सोडून भटकत असे. त्यामुळे असा अभिज्ञातक कारखान्यातून निघाल्यापासून सदैव द्रव नायट्रोजनमध्येच ठेवावा लागे. एकदा नायट्रोजन संपला, की तो निकामी होई. हॉल व सोल्टिस यांनी, तसेच बर्कली येथील संशोधकांनी, १९७० च्या सुमारास लिथियम वगळून जर्मेनियमच शुद्ध करण्याचा मार्ग धरला. घन सेंटिमीटरमागे सुमारे एक हजार कोटी परके अणू, म्हणजे जर्मेनियमच्या सुमारे चार लाख कोटी अणूंमागे एक, इतकी शुद्धता त्यांनी साधली. असा अभिज्ञातक केवळ वापरतेवेळी थंड केला म्हणजे पुरते. अवकाशयानावर तो पाठविणेही त्यामुळे सुकर झाले. २००१ मध्ये निघालेल्या मार्स ओडिसी यानावरील गॅमा वर्णपटमापकात अशाच जर्मेनियमचा स्फटिक होता.

तात्पर्य, एकाच घटनेकडे तीन शाखांनी तीन दृष्टींनी पाहिले. इन्व्हर्टरमध्ये पुनःसंयोग वेळेवर व्हावा, लेसरमध्ये तो प्रकाशमय व्हावा, आणि संवेदकात तो होऊच नये. येथे असा आक्षेप संभवतो की, हे ऐक्य शाखांचे नसून एका बहुश्रुत संशोधकाच्या व्यक्तित्वाचे आहे. त्याचे निरसन दोन उदाहरणांनी होते. लेनिनग्राड येथील झोरेस अल्फेरोव्ह यांच्या पूर्वायुष्यातील संशोधनही मोठ्या प्रवाहाच्या एकदिशकारकांवरच होते. १९५८ मध्ये सोव्हिएत अणुपाणबुडीसाठी जर्मेनियमचे एकदिशकारक तयार करण्याच्या कामात ते होते. १९६३ मध्ये त्यांनी आणि स्वतंत्रपणे हर्बर्ट क्रोमर यांनी असे सुचविले की, दोन भिन्न पदार्थांच्या थरांमध्ये तिसऱ्याचा पातळ थर कोंडला तर विद्युत्भार तेथेच अडकून लेसर सुलभ होईल. दोन्ही बाजूंनी भरला जाणारा मधला थर, हे एकदिशकारकाचेच रूप येथे पुन्हा दिसते. ह्या मार्गाने १९७० मध्ये सामान्य तापमानात अखंड चालणारा अर्धवाहक लेसर सिद्ध झाला, आणि २००० मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दुसरे उदाहरण मद्रासच्या आय.आय.टी.चे पदवीधर जयंत बालिगा यांचे आहे. १९७४ ते १९८८ ह्या काळात ते जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील संशोधनसंस्थेत होते. आज इन्व्हर्टरांत सर्वत्र आढळणारा, आय.जी.बी.टी. ह्या संक्षेपाने ओळखला जाणारा ट्रान्झिस्टर त्यांनी विकसित केला. तो आरंभी मंद होता. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने स्फटिकात नियंत्रित दोष उत्पन्न करून बालिगा यांनी त्याचा वेग वाढविला. सोन्याच्या अणूचे कार्य येथे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने केले. तत्त्व १९५२ चेच होते.

ह्या विवेचनाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. माणकाचा अथवा वायूचा लेसर, वायूचे गणित्र, पाऱ्याच्या झडपा यांचे इतिहास ह्या सूत्रात बसत नाहीत, आणि ते ओढूनताणून बसविण्याचे कारणही नाही. परंतु अर्धवाहकांपुरते हे सूत्र मान्य केल्यास अध्ययनाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अशुद्धी, दोष, आयुःकाल ह्या संज्ञांना निरपेक्ष मूल्य नाही. त्यांचे मूल्य प्रयोजनाने ठरते. जो विद्यार्थी केवळ संवेदकांचा अभ्यास करतो, तो दोषाला शत्रू मानतो. जो केवळ इन्व्हर्टरचा करतो, त्याला तो साधन वाटतो. दोघांचेही ज्ञान खरे, पण अर्धे आहे. स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत एकदिशकारकाच्या प्रश्नातून लेसरचा आणि लेसरनंतर अभिज्ञातकाचा प्रश्न हाती घेता आला, कारण तेथे उपकरणांच्या भिंती प्रश्नाच्या आड आल्या नाहीत. विद्यापीठांत ह्या तीन विषयांची अध्यापनमंडळे निराळी असली, तरी पुनःसंयोगाचे प्रकरण तिन्ही वर्गांना एकत्र शिकविण्यास कोणतीही शास्त्रीय अडचण नाही.